सही माझी, कागद तुझा

हमीद, रागावलेला माणूस तुझ्याबद्दल गोडगोड लिहील अशी आशा ठेवू नकोस. जमातवाले म्हणाले, शफी, तू त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, चार ओळी लिहून दे, मुंबईच्या आपल्या पत्रकात छापू. जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे त्यांचं तेच लिहितील. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते अर्धवट टाकून तू उठून गेलास. ही तुझी जुनी खोड.

दहा दिवस झाले. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास म्हणे. अडतिसाव्या वर्षी. माती द्यायला आलेला जो तो मला सांगत होता, किती शांतपणे गेला, कुणाला त्रास नाही दिला. मी मान हलवत होतो आणि आतून नुसता जळत होतो. त्रास द्यायलाच हवा होतास तू. आठ दिवस अंथरुणावर पडला असतास तर मी उशाशी बसून एक प्रश्न तरी विचारला असता.

तुझे उपकार मी विसरलेलो नाही, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला नमकहराम म्हणायला नको. मॅट्रिकला इंग्रजीत आपटलो तेव्हा आमच्या घरात मला जेवायलासुद्धा कोणी हाक मारत नव्हतं. तू रत्नागिरीहून सुट्टीला आलास, रोज होडीने खाडी ओलांडून आमच्या पडवीत येऊन बसायचास आणि माझ्याकडून धडे घोकून घ्यायचास. दुसऱ्या खेपेला पास झालो तो तुझ्यामुळे. आखाताच्या बोटीवर डेकवर चार दिवस मी ओकत होतो, तेव्हा माझं तोंड धुणारा तू. इथे कतरमध्ये त्या ठेकेदार कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकणारा तू. मी स्टोअर्सचा क्लार्क झालो तो तुझ्या शब्दावर. शब्द टाकणं तुला फार छान जमायचं. तो निभावायची वेळ आली की मात्र दुसरा कोणीतरी लागायचा.

तो कॅम्प आठवतो? दोह्यापासून ट्रकने दोन तास, सगळीकडे वाळू, मध्ये पत्र्याच्या बराकी. रत्नागिरी-कुलाब्याचे आपण बावीस जण, क्लार्क, फिटर, मेकॅनिक, आणि आपल्या सगळ्यांची मिळून एक मेस. लतीफचाचा बावर्ची. तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण मिळालं की माणसं खूश, नाहीतर युद्ध. मेस मॅनेजर दर महिन्याला बदलायचा. हमूर मासा आणला तर दापोलीवाले रुसायचे, मटण आणलं तर राजापूरवाले ताटावरून उठायचे. जो मॅनेजर व्हायचा तो पहिल्या जुम्म्याला छाती काढून बोलायचा आणि चौथ्या जुम्म्याला सगळ्यांशी अबोला धरून बसायचा.

तू इंजिनिअरच्या ऑफिसात टायपिस्ट. साहेबलोकांनी वाचून टाकलेली इंग्रजी साप्ताहिकं जाळायच्या आधी तुझ्या हाती लागायची. फ्रान्समध्ये त्या साली नवी राज्यघटना आली होती आणि तुला तिचं वेडच लागलं. भाकरी मोडता मोडता तू आम्हाला सांगायचास, आपली मेस म्हणजे जुनं फ्रान्स आहे रे. तिथेही सरकार दर सहा महिन्यांनी पडायचं. आता त्यांनी काय केलं, तर राष्ट्राध्यक्ष पक्का बसवला. तो पंतप्रधान नेमतो. पंतप्रधान राज्य चालवतो, लोकसभेला तोंड देतो, आणि लोकसभा चिडली तर पंतप्रधानाला घालवते, राष्ट्राध्यक्षाला नाही. राष्ट्राध्यक्षाच्या बहुतेक हुकुमांखाली पंतप्रधानाची सही लागते, आणि सही ज्याची जबाबदारी त्याची.

माणसं हसत होती. पण तू खरोखरच बसून मेसची घटना लिहिलीस. सोळा कलमं, मराठीत, एका कोऱ्या वहीत. सदर, म्हणजे अध्यक्ष, वर्षभर, त्याला कोणी हलवायचं नाही. सदराने पंतप्रधान नेमायचा. जुम्म्याची नमाज आणि जेवण झालं की सभा, आणि सभेला वाटलं तर बहुमताने पंतप्रधानाची छुट्टी. कॅम्पच्या बाहेर, कंपनीकडे, जो कागद जाईल त्यावर पंतप्रधानाची सही. सदर अर्थातच तू झालास, कारण घटना वाचून समजणारा तूच एक. आणि पंतप्रधान कोण? मी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, लतीफचाचा मला वजीरसाब म्हणायला लागला. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटलं. माझ्या सात पिढ्यांत कुणी कशाचा प्रधान झाला नव्हता.

काम काय होतं ते मात्र मला आठवड्यात कळलं. मासळी आणायच्या ट्रकवाल्याशी हुज्जत माझी, पाण्याचा टँकर उशिरा आला की शिव्या मला, चुलीचं लाकूड ओलं निघालं तरी माझंच नाव. तू मात्र सगळ्यांशी हसून बोलायचास. मी तुला एकदा म्हटलंही, शब्द तुझा आणि मान माझी, हे कुठलं राज्य? तू अगदी गंभीर होऊन सांगितलंस की पंतप्रधान पडला तर दुसरा येतो, सदर पडला तर मेसच मोडते. म्हणून पडण्याची सोय पंतप्रधानाकडे ठेवायची असते. मी म्हटलं, मग त्याला प्रधान कशाला म्हणता, उशी म्हणा. तू खूप हसलास. तो वाद आपण पुढे दोन वर्षं घातला, जेवताना, कपडे धुताना, कुठेही. मला तेव्हा तो वाद आवडायचा.

मग तो जून आला. लतीफचाचाचा धाकटा भाऊ यूसुफ पाइपलाइनच्या टोळीत होता. ताप घेऊन सकाळी नऊला दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला. रांग बाहेर, उन्हात. वर ना छप्पर, ना बसायला फळी, ना घोटभर पाणी. आत एक कंपाउंडर, तो एकेकाला बोलवायचा. अकराच्या सुमाराला यूसुफ वाळूत पडला. माणसांनी उचलून आत नेला, पण दुपारच्या जोहरच्या नमाजेआधी तो संपला होता. लतीफचाचा तेव्हा आपल्यासाठी भात वेळत होता. त्याला सांगायला मीच गेलो, कारण पंतप्रधान मी.

त्या दिवशी तू जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ऑफिसात एकटा बसून तो अर्ज टाइप केलास. हमीद, मी आजपर्यंत बरीच इंग्रजी पत्रं पाहिली, व्यापाऱ्यांची, बँकांची, वकिलांची. तसा कागद पुन्हा नाही पाहिला. विनवणी नाही, शिवीगाळ नाही. दवाखान्याबाहेर छप्पर हवं, बाकं हवीत, प्यायचं पाणी हवं, आणि तापाच्या माणसाला आधी आत घ्यावं. शेवटी एक ओळ होती, माणूस आजारी असतो म्हणून दवाखान्यात येतो, रांगेत मरायला येत नाही. मी ती दोनदा वाचली, आणि तुझ्यासारखा दोस्त असल्याचा मला फार अभिमान वाटला.

खाली एकच जागा होती सहीला. तुझी कुठे, असं मी विचारलं. तू वही उघडून नववं कलम दाखवलंस. बाहेर जाणारा कागद, पंतप्रधानाची सही. सदराची सही मेसच्या आत. मी पेन काढलं आणि सही ठोकली. मूर्ख मी! बावीस माणसांच्या मेसची वही कॅम्प बॉसच्या टेबलावर चालते असं मला खरोखरच वाटलं. आपल्या दोघांत शिकलेला तू होतास. तुला तरी कळायला हवं होतं. की कळलं होतं?

तीन दिवसांनी कॅम्प बॉसने मला बोलावलं. अर्ज त्याच्यासमोर होता. त्याचा पहिलाच सवाल, हे इंग्रजी कुणाचं? स्टोअर्सच्या क्लार्कला एवढं येत नाही हे त्यालाही कळत होतं. तू त्याच खोलीत होतास, भिंतीशी, वही-पेन्सिल घेऊन, कारण त्याचा टायपिस्ट सुट्टीवर होता. मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, साहेब, सही माझी आहे, जबाबदारी माझी. घटनेप्रमाणे वागलो! त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. आणि मनात म्हणत होतो, हमीद, आता बोल, आता पुढे ये, दोघांना काढणं त्याला जड जाईल, तुझ्यावाचून इंजिनिअरचं ऑफिस चालत नाही. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. तू मूग गिळून उभा.

मग तो तुझ्याकडे वळला आणि म्हणाला, लेटर घे. तू घेतलंस. माझ्या बडतर्फीचं पत्र त्याने तुला सांगितलं आणि तू ते माझ्यासमोर लिहून घेतलंस. बाहेर जाऊन टाइप करून आणलंस, तीन प्रतींत. माझी प्रत अजून माझ्याकडे आहे. मी ती कितीदा तरी निरखून पाहिली, कुठे एखादं अक्षर घसरलंय का, कुठे बोट थरथरलंय का. एक चूक नाही रे. तारीख, मार्जिन, सगळं जिथल्या तिथे.

जुम्म्याला सभा झाली. माणसं घाबरली होती, कंपनी मेस बंद करील म्हणून. पंतप्रधानाला दूर करावं असा ठराव आला. हात वर झाले. त्यांच्यावर माझा राग नाही, प्रत्येकाच्या मागे घर होतं. खुर्चीवर तू होतास. तू म्हणालास, ठराव मंजूर. दुसऱ्या दिवशीच्या ट्रकने मी दोह्याला आलो आणि पुढच्या बोटीने घरी.

घरी काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती, शफीने साहेबाशी पंगा घेतला, डोकं फिरलं त्याचं. बाबा मशिदीत मागच्या ओळीत उभे राहायला लागले. माझं जमलेलं लग्न मोडलं. मुलीचा बाप म्हणाला, ज्याला नोकरी टिकवता येत नाही तो बायको काय टिकवणार. मी एकदा तोंड उघडलं असतं तर संपलं असतं. पण तुझे अब्बा रोज वाटेत भेटायचे, खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, आमचा हमीद तुझी आठवण काढतो. त्यांच्या तोंडावर काय सांगू? अडीच महिन्यांनी तुझं पत्र आलं. खुशाली, हवापाणी, आणि शेवटी दोन शब्द, छप्पर झालं. पुढे काही नाही, माफीचा शब्दही नाही. मी ते फाडून चुलीत घातलं. अम्माने विचारलं कुणाचं होतं, तर म्हटलं, कुणाचंच नाही.

बासष्ट साली डिसेंबरात वाण्याच्या दुकानात वर्तमानपत्र वाचत होतो. तुझ्या त्या फ्रान्सची बातमी होती. लोकसभेने पंतप्रधानाला पाडलं. आणि राष्ट्राध्यक्षाने काय करावं? त्याने लोकसभाच बरखास्त केली, निवडणुका घेतल्या आणि पुढे त्याच माणसाला पुन्हा पंतप्रधान नेमलं. मी दुकानात उभ्या उभ्या मोठ्याने हसलो. वाणी बघतच राहिला. आपल्या घटनेत हे कलम कुठे होतं, हमीद? का साप्ताहिकाचं ते पान आधीच जळलं होतं?

पुढच्या वर्षी मी परत कतरला आलो, दोह्याच्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून. तूही तोवर कॅम्प सोडून दोह्यात हेड क्लार्क झाला होतास, सकीनाभाभी आणि मुलगी इथे आली होती. तू दुकानात आलास, टॉर्चचे सेल मागितलेस, मी दिले. मग म्हणालास, जुम्म्याला जेवायला ये. आणि मी आलो! काय करणार, या शहरात आपली भाषा बोलणारी माणसं किती? दोन वर्षं दर जुम्म्याला तुझ्या घरी जेवलो. भाभीच्या हातचं कालवण, तुझ्या मुलीचं पाठांतर, रेडिओवरच्या बातम्या. सगळं बोलायचो आपण, गावचं, दोह्याचं, दुनियेचं. त्या कागदाजवळ आलो की तू उठून पाणी प्यायला जायचास.

शेवटी मागच्या महिन्यात मीच काढलं. म्हटलं, तो फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष आपल्या पंतप्रधानाच्या मागे उभा राहिला, हे वाचलं होतंस का? तू हातातला घास परत ताटात ठेवलास. मग म्हणालास, "तो राष्ट्राध्यक्ष होता, शफी. मी टायपिस्ट होतो."

मी म्हटलं, "आणि मी कोण होतो?"

मी हात धुऊन निघालो. त्यानंतरच्या दोन जुम्म्यांना आलो नाही, तूही बोलवायला माणूस पाठवला नाहीस. आणि तिसऱ्या आठवड्यात निरोप आला, हमीद खलास. मी त्या माणसाच्या अंगावरच ओरडलो, नीट बोल म्हणून. नंतर दुकानाच्या मागे जाऊन रडलो. रागाने रडलो की कशाने, ते मला विचारू नकोस.

आता पुढचं जे लिहितो आहे ते छापताना कोणी गाळू नये.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी जियारत होती. कुराण वाचून झालं, माणसं सरबत घेत बसली होती. तेवढ्यात लतीफचाचा आला. म्हातारा झाला रे पार. अजून त्याच कॅम्पवर आहे, ट्रकमध्ये मागे बसून आला होता. तुझ्यासाठी दुआ मागितली आणि मग मला बघून माझ्याचकडे आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला लागला. छप्पर अजून उभं आहे. दोन बाकं होती, आता सहा आहेत. पाण्याचे माठ रोज तो स्वतः भरतो. नवीन पोरं येतात त्यांना सांगतो, हे शफीभाईच्या कागदामुळे झालं, त्याने यूसुफसाठी रोजी घालवली.

मी तोंड उघडलं. "लतीफचाचा, तो कागद," एवढंच म्हणालो होतो. त्या क्षणी सांगणार होतो, देवाशपथ. तुझी मुलगी दारात बसली होती, तुझे सगळे लोक होते, याहून चांगली जागा कुठली? तुझ्या नावाला लाज आली असती आणि इज्जतही, दोन्ही एकदम.

आतल्या खोलीतून, पडद्यामागून, सकीनाभाभी म्हणाली, "हे नेहमी सांगायचे. तो कागद शफीने एकट्याने लिहिला, एकट्याने सही केली. माझी छाती झाली नसती, म्हणायचे."

हमीद! घरातही? बायकोलाही? ऑफिसात भ्यालास ते मी समजू शकतो. सभेत भ्यालास तेही. पण स्वतःच्या चटईवर बसून बायकोपाशी तरी खरं बोलायचं होतंस. आयुष्यात एक मर्दासारखा कागद लिहिलास, तोसुद्धा मला देऊन टाकलास. शिक्षा म्हणून स्वतःला लावून घेतलीस का ही? की एकदा खोटं बोलल्यावर परत फिरायची वाट सापडली नाही? दर जुम्म्याला मला समोर बसवून भात वाढत होतास आणि मनात काय चाललं होतं तुझ्या? आता हे मी कुणाला विचारू? आता खरं काय ते या जगात फक्त मला माहीत आहे, आणि ते माझ्या डोक्यावर ठेवून तू निघून गेलास.

सगळे माझ्याकडे बघत होते. कौतुकाने. तुझी मुलगीसुद्धा. तसं माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं, हमीद, माझ्या बाबांनीही नाही, ते तर तशीच मान खाली घालून गेले. "तो कागद" म्हणून मी थांबलो होतो, ते वाक्य पुरं व्हायची माणसं वाट बघत होती. लतीफचाचाने माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, त्यावर ओठ टेकले आणि डोळ्यांना लावला.

मी हात काढून घेतला नाही.